चूळबाई

आमच्या हॉटेलात सगळे तिला चूळबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे चूळबाई. भटारखान्यात एवढा चावटपणा चालायचाच. तिचं कामच तसं. जेवणाच्या गर्दीआधी, अकराच्या सुमारास, वरच्या लहान खोलीत बसायचं, वाइनचा घोट तोंडात घोळवायचा, सोबत मी आणलेला एखादा घास खायचा आणि कशाबरोबर काय शोभेल ते चिठ्ठीवर लिहायचं. घोट मात्र दर वेळी पिकदाणीत थुंकायचा. सगळेच चाखणारे थुंकतात म्हणे, पण आवडलेला घोट अधूनमधून गिळतातही. हिने एकोणीस वर्षांत एक थेंब गिळला नव्हता.

कारण तिचे वडील. ते दारूपायी गेले, आणि जाण्याआधी दहा वर्षं त्यांनी घरादाराची पार रया घालवली. ही आधी इथे टेबलं सांभाळायची. एकदा बाटली उघडताच नुसत्या वासावर म्हणाली, ही बिघडलीय. मालकांनी पुढच्याच आठवड्यात तिला वर बसवलं. ते ऐकून आईनं डोक्याला हात लावला.

"जगात एवढी कामं पडलीत, आणि तुला हेच सापडलं?"

"नाक बाबांचं आलंय, आई. दुसरं काय दिलंय त्यांनी मला?"

असं म्हणून हिनं आईच्या हातावर हात ठेवून वचन दिलं, एक थेंब पोटात जाणार नाही. आई आता नाही, पण वचन होतं.

मी मासळीचा आचारी. ताट घेऊन मीच वर जायचो, म्हणून हे मला माहीत. खोलीत तीन खुर्च्या होत्या, पण खिडकीजवळच्या खुर्चीवर ती मला बसू द्यायची नाही. पहिल्यांदा कारण विचारलं तर अगदी सहज म्हणाली, "तिथे बाबा बसतात." मला वाटलं, थट्टा. पण ती पुढे म्हणाली, "मी थुंकले की मान खाली घालतात. मला फार बरं वाटतं." त्या दिवसापासून मी त्या खुर्चीकडे पाठ करूनच ताट ठेवत आलो. मी भित्रा नाही, पण उगाच कशाला.

गेल्या महिन्यात एक नवी पांढरी वाइन आली. थंडगार, कोरडी, हिरव्या सफरचंदासारखी जिभेला चावणारी. मी बरोबर लोण्यात परतलेला मासा नेला, वर लिंबू पिळून. तिनं घोट घेतला, घास खाल्ला, पुन्हा घोट घेतला.

"लिंबू नको. आंबटपणा हिच्यातच आहे. तू मीठ वाढव."

मी खाली जाऊन दुसरा तुकडा करून आणला. मग तिसरा. तिसऱ्याला तिनं डोळे मिटले, जमलं होतं. चिठ्ठी लिहून झाली, मी भांडी उचलायला लागलो, तर पिकदाणी कोरडी ठणठणीत. मी गप्प बसायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही.

"ताई, तुम्ही थुंकलाच नाहीत."

"थुंकले की." तिनं हसत पिकदाणीत डोकावून पाहिलं. मग ग्लासकडे पाहिलं. तो रिकामा होता. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे, बराच वेळ. मला वाटलं, रडेल, निदान चिडेल तरी. ती हळूच म्हणाली, "किती छान लागली रे. त्यांनाही अशीच लागत असणार. आणि मी आयुष्यभर समजत आले, त्यांचा आमच्यावर जीवच नव्हता."

मला भरून आलं, पण त्याहून जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मला समोर बसवायला सुरुवात केली. "माझ्या तोंडाकडे बघत राहा. विसरले तर सांग." मीही खालचं काम दुसऱ्याच्या गळ्यात घालून बसायचो. ती दर घोटाला थुंकायची. पण थुंकून झालं की खिडकीकडे बघून पुटपुटायची, "माफ करा हं, बाबा." हे मला आधीच्यापेक्षा वाईट वाटायचं.

काल ताट ठेवून मी खुर्ची ओढली, तर म्हणाली, "आज तू जा. खाली खोळंबले असतील."

"कुणी खोळंबलेलं नाही, ताई. मी थांबतो."

"जा रे. मी एकटी थोडीच आहे?"

तिनं दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा राहून कान देऊन ऐकत होतो. ग्लास भरल्याचा आवाज आला. थुंकल्याचा आला नाही. मग पुन्हा ग्लास भरल्याचा आला.