आठव्या गावाची फेरमोजणी

जगाच्या पाठीवर अशी एकही जागा नसेल, जी मोजून द्यायला आमचे साडू तयार झाले नसते. त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली. खांद्यावर साखळी, बगलेत नकाशांची गुंडाळी, मागे भांडणारे दोन सख्खे भाऊ आणि पुढे जागेवर नसलेला हद्दीचा दगड, असा त्यांचा संसार. निवृत्त होऊन परतूरला स्टेशनाजवळच्या घरात येऊन बसले, पण डोळ्यांची सवय काही निवृत्त झाली नाही. आमच्या जालन्याच्या घरी पाहुणे म्हणून आले तरी चपला काढायच्या आधी एक डोळा मिटून कुंपणाकडे बघायचे आणि म्हणायचे, "साडूभाऊ, शेजारच्यानं तुमची चार बोटं खाल्ली बघा." चहा त्यानंतर. माझ्या लग्नात मांडव तिरका आहे म्हणून त्यांनी दोन खांब उपटायला लावले होते. मी बोहल्यावर उभा, वऱ्हाडाच्या डोक्यावर कापड हेलकावे घेतंय, आणि हे मांडववाल्याला काटकोन समजावून सांगताहेत. शेवटी भटजींनीच त्यांना हाताला धरून जेवायला बसवलं, तेव्हा कुठे मुहूर्त साधला.

अशा माणसाला कागदाची गावं बांधायचा नाद लागला तो लेकीमुळे. रेणू त्यांची एकुलती एक. मूळ गाव भोकरदनकडचं पिंपळगाव, तिथल्या रेणुकाईला बोललेल्या नवसाची, म्हणून रेणू. टाळेबंदीत ती पुण्याचं हॉस्टेल सोडून घरी आली ती एक खेळ घेऊन. टेबलावर कागदाचं एक गाव मांडायचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आणि कुठं अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. जो आकडा पडेल तसं पुढचं नशीब. गोष्टीत राक्षस, मांत्रिक, उडते अजगर, सगळी मंडळी. मी आणि माझी बायको तेव्हा चार दिवसांसाठी परतूरला गेलो आणि टाळेबंदीत तिथेच अडकलो, म्हणून आम्हीही खेळात ओढले गेलो. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, मांत्रिकीण झाल्या. माझी बायको तलवारवाली झाली. मला चोर केलं, आणि त्यावर घरातल्या कुणीही हरकत घेतली नाही याचं मला अजून वाईट वाटतं. साडूंना रेणूनं विचारलं, "आबा, तुम्ही कोण? योद्धा की जादूगार?" ते म्हणाले, "मी मोजणीदार." "असं पात्रच नाही खेळात." "मंग त्या राज्यात जमिनी कोण मोजून राह्यलंय?" रेणूनं हसत कागदावर "मोजणीदार" लिहून घेतलं. गोष्ट अशी होती की आम्ही चौघं आमच्या गावातून हाकललेले, आणि सात परकी गावं ओलांडून आठव्या गावी, म्हणजे आपल्या घरी, पोचायचं. आठवं गाव आलं की गोष्ट संपली, हे रेणूनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

घरं खरं तर जाड कागदावर छापून घ्यायची, पण झेरॉक्सची दुकानं बंद. साडूंनी माळ्यावरून लग्नपत्रिकांचं पोतं काढलं. आपल्याकडे पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती टाकवतही नाही आणि पायदळीही येऊ द्यायची नसते; घरोघर तिचे गठ्ठे साचतात. साडूंनी त्या जाड, गुळगुळीत पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या आणि गणपतीवर ब्लेड चालवायचं नाही म्हणून तेवढा भाग अलगद सोडवून प्रत्येक घराच्या दारावर, चौकटीच्या वर चिकटवला. रेणू कपाळाला हात लावून म्हणाली, "आबा, हे राक्षसाचं घर आहे!" साडू म्हणाले, "मंग? राक्षसाला काय देव न्हाई?" शिवाय प्रत्येक घरात चूल, रांजण आणि दिव्याची देवळी हवीच. वरून छप्पर चिकटवल्यावर त्यातलं काहीएक दिसत नसे. मी एकदा म्हणालो, "छपराखालचं कोण बघतंय, साडूभाऊ?" त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि मला अगदी दयेनं सांगितलं, "ऱ्हाणारा बघतो ना." एवढं करून पहिल्या गावात विहीर घालायला मात्र हा माणूस विसरला. आमच्या टोळीनं गावात शिरल्या शिरल्या पाणी मागितलं आणि साडूंचा चेहरा पडला. जालना जिल्ह्यातल्या माणसानं बिनपाण्याचं गाव वसवावं, ही गोष्ट त्यांना इतकी लागली की दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांच्या माहेरून आलेल्या सागवानी टेबलाला आरपार भोक पाडलं आणि खालून पाण्यानं भरलेली वाटी तारेनं टांगली. अक्का दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्या वाटीतलं पाणी बदलताना मी पाहिलं.

तिसऱ्या गावात एक राक्षस शेतं तुडवत होता. रेणूनं लढाईची जय्यत तयारी केली होती. साडूंनी तलवार काढू दिली नाही. ते राक्षसाच्या गुहेकडे साखळी घेऊन गेले, चतुःसीमा लिहून घेतल्या, पंचांच्या सह्या घेतल्या, त्यात एक पंच मी, चोर, आणि हद्द कायम करून दिली. रेणू हसून हसून टेबलाखाली गेली. मग तिनं राक्षसाच्या घोगऱ्या आवाजात हरकत घेतली, "मला ही मोजणी मान्य नाही!" साडू खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "बराबर. मान्य नसंल तर तसं लेखी द्यायचं. मंग फेरमोजणी. अन् फेरमोजणी निघाली की ती होईस्तोवर जो जिथं हाय तो तिथंच. कुणी हलायचं न्हाई, कुणाला हलवायचं न्हाई." राक्षसानं लेखी दिलं, आणि तेव्हापासून तो आपल्या जागी, गाव आपल्या जागी. त्या दिवशी लेकीनं बापाकडे जसं पाहिलं तसं आमच्या घरात कुणी कुणाकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

टाळेबंदी उठली. आम्ही जालन्याला आलो, रेणू पुण्याला गेली आणि पुढं नोकरीनं तिला पार जर्मनीत नेलं. खेळ मात्र थांबला नाही. दर रविवारी आपल्याकडे दुपार, तिच्याकडे सकाळ. आम्ही दोघं पॅसेंजरनं परतूरला जायचो, अक्का मोबाइल पोह्यांच्या डब्याला टेकवून उभा करायच्या, आणि तिकडून रेणू गोष्ट सांगायची. साडू सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार. ज्या माणसानं स्वतःच्या निवृत्तीच्या समारंभाला चुरगळलेला सदरा घातला होता, त्याचं हे. एरवी फोनवर बापलेकीचं बोलणं "जेवलीस का", "थंडी हाय का" याच्यापुढं जात नसे. आपल्याकडच्या बापांना लेकीशी बोलायला काहीतरी निमित्त लागतं. त्यांचं निमित्त कागदाचं होतं.

सहाव्या गावाच्या वेळी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. जालन्याच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. साडूंनी घरी आल्यावर मला एवढंच सांगितलं, "चला, फासा हलवायला आता मला काही करावं लागत न्हाई." आम्ही हसलो, आणि हसता हसता अक्का स्वयंपाकघरात निघून गेल्या. सातव्या गावातलं एकही घर सरळ आलं नाही. भिंती कललेल्या, छपरं सरकलेली, काही दारांवरचे गणपतीसुद्धा वाकडे. मांडव तिरका म्हणून खांब उपटवणारा माणूस, आणि त्याचं हे गाव. रेणूनं मोबाइलवर ते पाहिलं. मग गोष्टीच्या आवाजात म्हणाली, "या गावानं मोठा भूकंप पाहिलेला आहे. तरी माणसं गाव सोडून गेलेली नाहीत." साडू समाधानानं मान हलवत म्हणाले, "बिलकुल. चिवट असतेत माणसं."

मग आठवं गाव सुरू झालं, आणि ते पुढेच सरकेना. महिन्याला एक घर व्हायचं, पुढच्या महिन्यात तेच मोडायचं. रस्ता जमत नाही, उतार चुकला, वेस दोन सूत आत आली, काही ना काही निघायचंच. तोवर रेणू आम्हाला सातव्या गावाबाहेरच्या माळावर फिरवत ठेवायची. कधी पूर यायचा, कधी वाट चुकायची. आम्हाला वाटायचं, हाताचा दोष. अक्का हळहळायच्या, "ह्यांचा जीव अडकलाय त्या गावात. एकदाचं पुरं झालं तर सुटतील तरी." तशात साडू न्हाणीघरात पडले आणि आठ दिवस जालन्याच्या दवाखान्यात राहिले. आमची मुलं त्यांच्यापाशी बसायची, आणि आम्ही अक्कांना घेऊन परतूर गाठलं. आम्ही तिघांनी मिळून पत्रिका कापल्या, चुली केल्या, देवळ्या केल्या. जन्मात कधी सरळ रेघ न मारलेल्या मी पट्टी लावून चौदा घरं कापली. विहीरसुद्धा विसरलो नाही. मला स्वतःचा इतका अभिमान वाटत होता की ते घरी आले तेव्हा मी गावावर चादर टाकून ठेवली होती आणि त्यांना खुर्चीत बसवून मी ती ओढली.

साडूंनी गाव पाहिलं. वाकून वेशीपासून पारापर्यंत पाहिलं. एका घरावरून बोट फिरवलं, ते बोट थरथरत होतं.

"कुणी केलं?"

"आम्ही सगळ्यांनी," मी छाती काढून म्हणालो.

"चांगलं केलं. सफाई हाय हाताला." त्यांनी पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायले आणि उरलेला हातातच धरून बसले. मग अगदी सहज म्हणाले, "म्हंजे ह्या ऐतवारी संपलं म्हणा."

तेव्हा मला कळलं. हात थरथरत होता हे खरं, पण गाव हातामुळे अडलं नव्हतं; त्यांनीच ते अडवून धरलं होतं. मी काय करून बसलो हे मला समजलं आणि मला स्वतःची इतकी लाज वाटली की ती चादर पुन्हा टाकता आली असती तर बरं, असं झालं. एवढी वर्षं त्या माणसासोबत चोर म्हणून हिंडलो, पण चोरी केली ती त्या दिवशी.

रविवारी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. बटणं अक्कांनी लावली. मोबाइल डब्याला टेकवला. मी रेणूला आधी काही कळवलं नव्हतं. कोणत्या तोंडानं कळवणार होतो? तिनं मांडलेलं गाव पाहिलं. एवढी सरळ घरं आबांच्या हातची नाहीत हे तिला दिसलं असणारच. आमची टोळी वेशीपाशी उभी. आता तिनं फक्त "पोचलात" म्हणायचं राहिलं होतं. साडू मोबाइलकडे न बघता पाराकडे बघत बसले होते.

"काका, मोबाइल जरा खाली घ्या," रेणू म्हणाली. "अजून खाली. ते कोपऱ्यातलं घर रस्त्यात आलंय का?"

"नाही गं," मी म्हणालो. "मी पट्टी लावून..."

"आलंय. आबा, मला ही मोजणी मान्य नाही." ती मोबाइलच्या अगदी जवळ आली. "मी लेखी देते. फेरमोजणी पाहिजे."

साडूंनी मान वर केली. त्या छोट्या काचेत लेकीकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, दोन्ही हातांनी कसाबसा डोळ्यांवर चढवला आणि कागद ओढला. "अर्जदाराचं नाव?" त्यांनी विचारलं. रेणूनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, मधलं नाव त्यांचंच. ते त्यांनी लिहिलं. अक्षर कुणाला लागण्यासारखं नव्हतं. "फेरमोजणी होईस्तोवर," ते आम्हा सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "जो जिथं हाय तो तिथंच."

त्यानंतर सव्वा वर्ष ती फेरमोजणी चालली. दर रविवारी एखादं घर सूतभर सरकायचं, पुढच्या रविवारी परत यायचं. आमची टोळी वेशीपाशीच बसून राहिली, आणि बापलेक फोनवर बांध, पाणंद, वेस यांवरून मनसोक्त भांडत राहिले. शेवटी शेवटी साडूंना बोलणंही जड झालं. तेव्हा रेणू एकेक घर दाखवून विचारायची आणि ते नुसती मान हलवायचे, नाही म्हणून.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. रेणू आली, तेराव्यानंतर परत गेली. अक्का आता आमच्याकडे असतात. भोक पाडलेलं टेबल आम्ही टेम्पोत घालून जालन्याला आणलं. गाव मी मांडीवर धरून आणलं, एक घर हललं नाही. टेबलाखालच्या वाटीतलं पाणी अक्का रोज बदलतात.

रेणू परत गेली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी उगाच दाढी केली. का केली ते घरात कुणी विचारलं नाही. मोबाइल वाजला. अक्कांनी तो पोह्यांच्या डब्याला टेकवला. रेणू थोडा वेळ गावाकडे बघत राहिली. तिच्या मागे खिडकीत बर्फ पडत होता.

"काका," ती म्हणाली, "फेरमोजणी कुठवर आली?"

मी साडूंची पट्टी उचलली, वेशीपाशी ठेवली आणि एक डोळा मिटला, कारण दोन्ही डोळ्यांनी मला काही दिसत नव्हतं.

"वेशीपासून सुरू केलीय," मी म्हणालो. "अजून सगळं गाव राहिलंय."

"राहू द्या," रेणू म्हणाली. "सावकाश मोजा."