नव्या नकाशातला टपोरा ठिपका

पाणीखात्याच्या नकाशांचा सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे नकाशाताई म्हणत. काम नीट चाललं तर कुणाच्या गावीही नसतं. अडलं की सगळे डोक्यावर बसतात, असली ती नोकरी. त्या दुपारी पंखा पेंगत फिरत होता आणि ताईंनी सर्व्हरवर नकाशांच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती चढवली. आता जागांची नावं एकमेकांच्या उरावर बसत नव्हती. नकाशाखाली काळाची पट्टी आली होती. ती सरकवली की नकाशा गेल्या महिन्यात जाई. आणि एका जागी ठिपके साचले की त्यांचा मिळून एक मोठा ठिपका होई.

आता हे तपासायचं कशावर? पाइप काही हलत नाहीत. मग नकाशाताईने आपल्या बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाने टिपलेल्या वाटा टाकल्या. बाबा बसचे कंडक्टर, कधीचे निवृत्त. हल्ली त्यांना घरची माणसं ओळखू येत नसत, आणि दुपार झाली की चपला घालून ते चालू पडत. दादा मोटारसायकलवरून शोधून आणायचा. बिचारा पार मेटाकुटीला आला होता. ‘उद्यापासून बाहेरून कुलूप,’ असं त्याने सकाळीच सांगून टाकलं होतं.

तिने पट्टी सरकवली. निळा ठिपका घरातून निघाला. बाजाराच्या कोपऱ्यावर टेकला, पुढे दवाखान्यापाशी टेकला, पाण्यात सोडलेल्या होडीसारखा संथ. अगं बाई, हा तर बाबांच्या बसचा मार्ग. पुढे एका जागी साऱ्या दिवसांचे ठिपके जमून टपोरा ठिपका झाला होता. तिथून घरापर्यंत सुसाट रेघ, म्हणजे दादाची मोटारसायकल.

ती जागा तिने झोपेतही ओळखली असती. तिच्या शाळेसमोरचा थांबा. शाळा सुटली की ती बाबांच्याच बसने घरी यायची. भटकतात म्हणून ज्यांच्या नावाने घरात सगळे रोज खडे फोडत होते, ते ड्यूटीवर होते. तिला स्वतःची लाज वाटली, आणि रडूही आलं.

“आज तू जाऊ नकोस, मी जाते,” तिने दादाला फोनवर सांगितलं. “आणि कुलूप आणू नकोस.”

थांब्यावर ऊन मऊ झालं होतं. बाबा एक हात वर करून, नसलेली दांडी धरून उभे होते. तिला बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“केवढा उशीर गं? गाडी रोखून धरलीय तुझ्यासाठी. लोक शिव्या घालतायत मला.”

“शाळेत बाईंनी थांबवून घेतलं, बाबा.”

“रोज थांबतो मी. तू यायच्या आत तो मोटारसायकलवाला येतो आणि मला घेऊन जातो.”

तिने डोळे पुसले आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. बाबांनी हवेतली घंटीची दोरी दोनदा ओढली, आणि उरलेले थांबे घेत दोघं घराकडे चालू लागले.

“उद्या थांबाल ना?” तिने विचारलं.

“थांबणार तर काय. तुला टाकून गाडी कशी नेऊ?”