बगलेतली कळी

मला एका जागी बसवत नाही, आणि धंदा मात्र बसण्याचा. देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात अप्पा कापतात आणि मी शिवते. एकोणचाळिसाव्या वर्षी बटरफ्लाय पोहायचं खूळ डोक्यात शिरलं ते त्यामुळेच. दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकायचे, कमरेतून उसळी घ्यायची आणि दिवसभर वाकलेल्या पाठीचा सूड उगवायचा.

दसऱ्याआधीच्या रविवारी बोगादीकडच्या तलावावर पस्तिशीपुढच्या बायकांची पन्नास मीटरची शर्यत होती. मला नंबर नको होता, न थांबता शेवटची भिंत हवी होती. पण पस्तीस मीटरपाशी माझं घोडं पेंड खायचं. हात पाण्याबाहेर यायलाच तयार नसत. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "ताकद कमी पडतेय, दमही." मग काय, सकाळी दंड, संध्याकाळी खिडकीच्या गजाला रबरी पट्टा बांधून ओढणं, तलावात हात पुढे ताणून नुसत्या पायांच्या फेऱ्या. शिवतानाही मनात पाय मारत असे. एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या उलट्या लावल्या. चार महिने झाले तरी गाडी पस्तिसावरच. इतकी चिडचिड व्हायची की जेवतानासुद्धा मी उभीच असायची.

अप्पांना हे पसंत नव्हतं. माझा अर्ध्या बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा पोहण्याचा पोशाख वाळत दिसला की ते तोंड फिरवत. "सुम्ने अंग झिजवून घेतेस, उगाचच. काय मिळतं त्यात?" एवढंच म्हणत. मला त्याचा फार राग यायचा.

दसऱ्यासाठी त्यांनी नेहमीप्रमाणे मला ब्लाउज शिवला. आमच्यात लेकीचं माप लग्नात एकदा घ्यायचं आणि पुढं जन्मभर वहीतलंच चालवायचं. पुन्हा टेप लावणं म्हणजे अप्पांच्या हातावर अविश्वास. या वेळी ब्लाउज खांद्यात अडकला, हुक लागेनात. अप्पांनी चष्मा पुसला आणि टेप काढली. खांदा सव्वा इंचानं वाढलेला, दंडही. मी बोलणी खायच्या तयारीनं उभी राहिले.

"ते पाण्यातलं कापड कुठल्या मापाचं?" त्यांनी विचारलं.

"वहीतल्याच. तीच मापं सांगून आणलं."

सांगतानाच मला लाज वाटली. दिवसभर लोकांच्या अंगाला टेप लावणारी मी, आणि दिव्याखाली अंधार. बगलेत रोज लाल वळ उठायचे, ती मला मेहनतीची खूण वाटायची.

"हात फिरव. पाण्यात फिरवतेस तसे. स्वल्प हळू."

दुकानात दोन बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी दोन्ही हात मागून पुढे फेकले, चारपाच वेळा. अप्पा कापड बघावं तसे माझ्या बगलेकडे बघत होते. "इथं ओढणार. कळी पाहिजे," ते म्हणाले. हात मोकळा फिरावा म्हणून जुन्या सदऱ्यांना बगलेत चौकोनी तुकडा जोडत, ती कळी. ज्या पोशाखाकडे ते बघत नसत, तो त्यांनी मांडीवर घेऊन उसवला, आणि ताणणाऱ्या कापडाच्या दोन कळ्या स्वतः बसवल्या.

रविवारी पस्तीस मीटरला हात जड झालेच. पण मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं नाही. चार महिन्यांची मेहनत कुठं गेली नव्हती, तिला फक्त जागा मिळाली होती. मी शेवटून दुसरी आले. दोन्ही तळवे भिंतीला लागले तेव्हा पोहण्याच्या चष्म्याच्या आत रडले.

अप्पा आले नव्हते. मी दुकानात गेले तर त्यांनी पिशवीतून ओला पोशाख काढला, उलटा केला आणि बगलेची शिवण अंगठ्यानं चाचपली. कितवी आलीस, काही नाही.

"टाका तुटला काय?"

"नाही."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्यांनी वही उघडली, माझं लग्नातलं माप खोडून नवं लिहिलं, आणि त्याच्याखाली दोन ओळी रिकाम्या सोडल्या.