रिकाम्या खांबाची चौकशी

हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. दिवसातले बरेच तास वीज नसायची. त्या काळात इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी रविवारचा एक वर्ग सुरू केला. सौरऊर्जा, पवनचक्की, गोबरगॅस या क्षेत्रांत कोणती कामं असतात, ती कोण देतं आणि त्यासाठी काय शिकावं लागतं, याची माहिती काढायची, एवढाच हेतू होता. तोवर मुलांना डी.एड., पोलीस भरती आणि तलाठ्याची परीक्षा एवढेच रस्ते माहीत होते. पहिल्याच रविवारी एकानं विचारलं, "सर, सूर्यात सरकारी जागा निघतात का?" वर्ग हसला. पण प्रश्न गंभीर होता.

मी एका दैनिकाचा बातमीदार होतो. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना प्रश्न विचारायचे आणि ते सांगतात ते खरं का, हे तपासून मुलांना कळवायचं, हे काम प्राध्यापकांनी माझ्याकडे दिलं होतं.

हिवाळ्याच्या शेवटी एका रविवारी पुण्याकडचे एक प्रशिक्षक आले. एसटीतून उतरले तेव्हा त्यांच्या काखेत सोलापुरी चादरीत गुंडाळलेली हातभर लांबीची सौरपाटी, म्हणजे सोलर पॅनल, होती. ती त्यांनी महाविद्यालयाच्या पायरीवर उन्हात ठेवली, तिला एक छोटा पंखा जोडला, आणि पंखा फिरला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिन्यांचं प्रशिक्षण, राहण्याजेवणाची सोय, नंतर सौरपंप आणि दिवे बसवण्याचं काम, असं ते म्हणाले. अट एकच होती. मूळ गुणपत्रिका त्यांच्याकडे जमा करायच्या आणि प्रशिक्षण संपलं की परत न्यायच्या.

पहिल्या बाकावर नरसीच्या पलीकडच्या तांड्यावरची एक मुलगी बसली होती. तिच्या घराण्यात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिनं विचारलं, "ढग आल्यावर पंखा किती कमी फिरतो, ते मोजलंय का?"

"मोजलंय," प्रशिक्षक म्हणाले, आणि खिशातून चुरगळलेला तक्ता काढून तिला दिला. तिनं तो वहीत उतरवून घेतला.

माझ्या वहीत त्या दिवशी तीन गोष्टी लिहिल्या गेल्या. प्रशिक्षकांच्या कार्डावर कार्यालयाचा फोन नव्हता, फक्त मोबाईल नंबर होता. पत्ता कुणाच्या तरी मार्फतचा होता. एसटीडी बूथवरून नंबर लावून पाहिला तर तो लागला नाही. मूळ कागद मागणारी माणसं मी याआधी पाहिली होती, आणि त्यांच्या फसवणुकीच्या बातम्याही लिहिल्या होत्या. काम दाखवा, असं म्हटल्यावर प्रशिक्षकांनी हट्ट्याच्या पुढच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथल्या पाराजवळ त्यांनी स्वतः सौरदिवा बसवला होता. गुरुवारी दुपारच्या गाडीनं ते परत जाणार होते.

सोमवारी सकाळी मुलीचे वडील झेरॉक्सच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत आले. उभेच राहिले. "साहेब, तुमी लिहिता-वाचता. हा माणूस बराबर हाय का?"

"अजून सांगता येत नाही."

"तिच्या मामानं एक सोयरीक आणलीय. पोरगा बरा हाय. ह्या माणसासंग धाडलं न्हाई तर परीक्षा झाली की लगीन. पोरगी रडून राहिली. पन धाडलं आन कागद बुडाले तर लगीनही न्हाई आन नोकरीही न्हाई. तुमी व्हय म्हणा, धाडतो. न्हाई म्हणा, न्हाई धाडत."

माझ्या होकारावर किंवा नकारावर कुणाचं तरी आयुष्य ठरणार, अशी वेळ बातमीदारावर सहसा येत नाही. मी दोन दिवस मागून घेतले.

मंगळवारी मी त्या गावी गेलो. पाराजवळ लोखंडी खांब होता. त्यावर पाटी नव्हती, दिवाही नव्हता. वायरची दोन टोकं लोंबत होती. खांबाचा फोटो काढला, जे दिसलं ते वहीत लिहिलं, आणि चौकशी केली.

चहावाल्यानं विचारलं, "कुठला दिवा?"

"या खांबावरचा."

"खांब व्हय, हाय ना. आमी गाय बांधतो त्याला."

पारावर बसलेल्या दोघांना विचारलं. एकानं मान हलवली. दुसरा म्हणाला, "काहून इचारून राहिले? ऑफिसातून आले का?" नाही म्हटलं तरी तो माझ्या वहीकडेच बघत राहिला. पुढच्या गल्लीत एक बाई दारात उभी होती. मला पाहून ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. गावात काहीतरी लपवलं जातंय, एवढं कळत होतं. दिवा मुळात लागलाच नसावा आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून सगळे गप्प असावेत, असा अर्थ मी काढला.

संध्याकाळी हिंगोलीच्या बसस्थानकावर वडील वाट बघत होते. मी सांगितलं, "खांब आहे, दिवा नाही. गावात कुणी काही सांगत नाही. धाडू नका."

ते म्हणाले, "बरं झालं, तपास केला." आणि तांड्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले.

बुधवारी सकाळी मुलगी एकटीच माझ्या खोलीवर आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज शांत होता. "सर, तुमी वहीत काय लिहिलं ते मला वाचून दाखवा."

मी वाचलं. खांबाची उंची, रंग, गंज. वायरची दोन टोकं, टोकांना काळी टेप.

"टेप?"

"हो."

"चोरानं वायर तोडली असती तर टेप कशाला लावली असती? आन दिवा लागलाच न्हाई म्हणता, तर वायर कुठून आली? कोणीतरी जपून सोडवलाय. शॉक बसू नये म्हणून टेप लावलीय."

हे माझ्याच अक्षरात माझ्याच वहीत होतं. मी ते पाहिलं होतं, लिहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नव्हता. ती म्हणाली, "तुमाला नसतील सांगत. बायांना इचारते." दहाच्या गाडीनं ती आईला घेऊन त्या गावी गेली.

दुपारी परत आली तेव्हा तिच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन पानं भरलेली होती. माझ्या तोंडावर दार लावणाऱ्या बाईच्याच घरी पाटी होती, पत्र्यावर, दक्षिणेकडे तोंड करून. खाली बॅटरी आणि दिवा. प्रशिक्षकांनी तीन वर्षांपूर्वी दिवा बसवला तेव्हा पारावर उजेडात पत्ते कुटणारेच बसायचे, म्हणून गावातल्या बायकांनी दिवा खाली उतरवायला लावला होता. विहिरीच्या पाण्याची जशी पाळी लावतात, तशी त्याची पाळी लावली होती. ज्या घरात दहावीचं लेकरू, त्या घरी आठ दिवस दिवा, मग पुढच्या घरी. भिंतीवर खडूनं घरांचा क्रम लिहिलेला होता. दिवा खांबावरून हलवायचा नाही, असा सरकारी नियम होता. म्हणून वही घेऊन येणाऱ्या माणसाला गावानं दिव्याचा पत्ता सांगायचा नाही, असं ठरलेलं होतं.

"बाई म्हणाली, कालचा वहीवाला दिवा न्यायला आला होता," मुलीनं सांगितलं. ती पहिल्यांदा हसली.

मी तिच्यासोबत तांड्यावर गेलो आणि वडिलांना म्हणालो, "माझं चुकलं. दिवा आहे. तीन वर्षं चालू आहे."

ते म्हणाले, "साहेब, काल न्हाई, आज व्हय. उद्याचं काय हाय ते आजच सांगून ठेवा."

मूळ कागदांची शंका मात्र अजून फिटली नव्हती, तीही मी सांगितली. ते म्हणाले, "त्याचं मी बघतो."

गुरुवारी बसस्थानकावर प्रशिक्षक पाटी काखेत घेऊन उभे होते. वडिलांनी त्यांना थेट विचारलं, "कागद काहून पाहिजे?"

"मागच्या खेपेला दोन मुलं अर्ध्यात पळून गेली. कागद असले की मुलं टिकतात."

"म्हंजे तुमाला आमचा भरोसा न्हाई."

"तसं नाही…"

"आमालाही तुमचा न्हाई. बराबर झालं." वडिलांनी हात पुढे केला. "कागद घ्या. ही पाटी इथं ठेवा. पोरगी कागद घेऊन आली की तुमची पाटी तुमाला."

प्रशिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. गाडी लागली होती, कंडक्टर घंटी वाजवत होता. शेवटी त्यांनी चादरीत गुंडाळलेली पाटी आणि पंखा वडिलांच्या हातात दिला आणि गुणपत्रिकांचं पाकीट पिशवीत ठेवलं. परीक्षा संपल्यावर मुलगी प्रशिक्षणाला गेली.

पावसाळा उलटल्यावर ती परत आली. मूळ गुणपत्रिका तिच्या हातात होत्या, आणि परभणीकडे सौरपंप बसवण्याचं कामही मिळालं होतं. त्या दिवशी मी तांड्यावर होतो. तिनं आधी पाटी मागितली. वडिलांनी लोखंडी पेटी उघडली. जिथं आधी गुणपत्रिका असायच्या, तिथं पाटी होती. चादरीची गाठ प्रशिक्षकांनी बांधली होती तशीच. इतक्या महिन्यांत पाटीला ऊन लागलेलं नव्हतं.

"बाबा, घरात लाईट नव्हती. ही बाहेर काढून, एखादी बॅटरी जोडून एक दिवा तरी लावायचा."

"दुसऱ्याची चीज हाय," ते म्हणाले. "मोजून घे, पंखा तितकाच फिरतो का."

तिनं पाटी अंगणात उन्हात ठेवली, पंखा जोडला आणि वहीतला तक्ता उघडला.