चार बोटं कोणाची?

आमच्या रस्त्याच्या टोकाला गाड्यांच्या बंपरचं एक दुकान आहे. तिथे काम करणाऱ्या बाईला सगळा रस्ता 'वहिनी' म्हणतो. खरं तर ती एकट्या भाऊजींची वहिनी. नवरा जहाजावर नोकरीला, वर्षातले आठ महिने पाण्यावर. दुकान धाकट्या दिराचं. पण हा दीर दिवसातून शंभर वेळा मोठ्या आवाजात 'वहिनी' म्हणून हाक मारतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या तोंडातही तेच बसतं. सत्तरीचे गृहस्थसुद्धा तिला वहिनी म्हणतात. ती माझी विद्यार्थिनी. सातवीत असताना उत्तर बरोबर आलं तरी ही मुलगी ताळा करून बघायची आणि तोवर पेपर द्यायची नाही. घंटा झाली तरी नाही.

दुकानात कामाची वाटणी सरळ होती. भाऊजी बोलायचे, वहिनी लावायची. भाऊजींचं बोलणं म्हणजे ऐकत राहावं असं. गिऱ्हाईक आरसा घ्यायला आलं तर बंपर घेऊन जायचं. पण स्क्रू पिळायची वेळ आली की वहिनी गुडघ्यावर बसायची आणि भाऊजी बाजूला व्हायचे.

ठेंगण्या स्पोर्ट्स गाड्यांच्या पुढच्या बंपरखाली एक पातळ पट्टी बसवतात. धंद्यात तिला 'लिप' म्हणतात. वहिनी सरळ 'ओठ' म्हणते. ओठ जितका खाली, तितकी गाडी रुबाबदार दिसते. आणि जितका खाली, तितका तो पहिल्याच चढावर फुटतो. कुठल्या गाडीला कुठला ओठ, हे भाऊजी ठरवायचे. त्यांचा नियम वडिलांपासून चालत आलेला: ओठ आणि जमीन यांच्यात चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. आडवा हात घालून बघायचा, बस.

एके दिवशी दातांचे डॉक्टर आपली मोहरीच्या रंगाची दोन सीटची गाडी घेऊन आले. पन्नाशी उलटलेला माणूस, पण गाडीपाशी उभा राहिला की नवी सायकल मिळालेल्या पोरासारखा दिसायचा. भाऊजींनी त्यांना काळा, चकचकीत, कार्बनचा कडक ओठ पसंत करायला लावला आणि ते कुठेसं माल बघायला गेले. बंपरला बसवताना ओठ थोडा खाली-वर सरकवता येतो, म्हणून वहिनीने फोन केला.

"भाऊजी, किती ठेवू?"

"नेहमीचंच. चार बोटं."

वहिनीने हात आडवा घातला, चार बोटं ठेवली आणि स्क्रू पिळले.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. ओठाचा मधला तुकडा डॉक्टरांच्या मांडीवर होता.

"तळघरातल्या पार्किंगमधून वर येताना," ते म्हणाले. "आवाज असा झाला, की मला वाटलं कुणाची अक्कलदाढच उपटली."

भाऊजी वाकले, उरलेल्या ओठाखाली हात घालायला लागले. हात जाईना.

"वहिनी, ही चार बोटं?"

वहिनीने आपला हात घातला. सहज गेला.

दोघांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं. भाऊजींचा पंजा म्हणजे फावडं. वहिनीने टेप काढला. तिची चार बोटं भरली सात सेंटीमीटर, भाऊजींची साडेनऊ. इतकी वर्षं दोघं एकाच दुकानात एकच शब्द बोलत होते, पण ओठ सरकवायची जागा नेहमी भाऊजी स्वतः दाखवून जायचे, म्हणून हे कधी कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"चूक माझी," वहिनी म्हणाली. "बोटं कोणाची, हे विचारायला हवं होतं."

"झालं ते झालं," भाऊजी घाईने म्हणाले. "डॉक्टर, हाच ओठ नवा आणतो आणि माझी चार बोटं ठेवतो. विषय संपला."

"नाही संपला," वहिनी म्हणाली. "अडीच सेंटीमीटर वर घेऊनही हा ओठ तिथे वाचणार नाही. हा पुढे फार आलाय, आणि काचेसारखा कडक आहे."

भाऊजींच्या भुवया वर गेल्या. गिऱ्हाइकासमोर वहिनी असं कधी बोलली नव्हती.

"मग काय करायचं म्हणता?"

"ही गाडी मला द्या. ओठ मी निवडते."

"आणि तोही फुटला तर?"

"तर यापुढे तुम्ही म्हणाल तो, म्हणाल तसा, मुकाट्याने लावीन."

"आणि नाही फुटला तर?"

"तर निवड माझी. याच गाडीची नाही, सगळ्याच गाड्यांची. बोलणं तुमचं, निवड माझी."

शेजारच्या टायरवाल्याने पाना खाली ठेवला आणि कान इकडे लावले. डॉक्टर दोघांकडे आळीपाळीने बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमचा निकाल माझ्या गाडीवर लावताय, हरकत नाही. पण एक सांगतो. पुन्हा फुटला तर मी ओठच काढून टाकणार. बिनओठाची गाडी चालवीन."

"म्हणजे सगळे दात दिसतील," भाऊजी म्हणाले. वहिनी हसली नाही. ती गाडीच्या नाकाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरांच्या इमारतीत गेली. बरोबर कात्री, चिकटपट्टी आणि पुठ्ठ्याच्या दोन मोठ्या पेट्या. पेटी कापून तिने तुटलेल्या ओठाच्या आकाराचा पुठ्ठा बंपरखाली चिकटवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "आता चढा वर."

पुठ्ठा मधे दुमडला. तिने दुमड जिथे पडली तिथवर कापून टाकला. पुन्हा चढा. या वेळी पुठ्ठा ताठ राहिला. डॉक्टर खूश झाले. "मिळालं ना माप?"

"गाडीत रोज तुम्ही एकटेच असता?"

"नाही, सकाळी आई असते. तिला बहिणीकडे सोडून मी दवाखान्यात जातो. पण तिचं वजन ते काय!"

"त्यांना बोलवा."

आई खाली आल्या. ऐंशीच्या घरात, हातात पर्स, पायात पांढरे बूट. एवढ्या ठेंगण्या गाडीत त्या अशा झटकन शिरल्या, की मला सांगताना वहिनीनेच दोनदा मान हलवली.

"काय चाललंय हे?" आईंनी विचारलं.

"तुमच्या गाडीला ओठ निवडतेय."

"या मेल्या गाडीला ओठ! नाकापेक्षा मोती जड. मी याला तेव्हाच म्हटलं, माणसं बसतील अशी गाडी घे."

"आणि रोज बसतं कोण?" डॉक्टर म्हणाले.

"तू एकटा गेलास तर हळू चालवशील का? म्हणून बसते. चल, गाडी काढ."

पुठ्ठा पुन्हा दुमडला. वहिनीने डॉक्टरांना खाली उतरवून दाखवलं. "आईंमुळे गाडी एक बोट खाली बसते, टाकी भरलेली असली की आणखी अर्धं. आमच्या दुकानात गाडी रिकामी उभी असते. आम्ही रिकाम्या गाडीचं माप घेतो आणि भरलेली गाडी रस्त्यावर सोडतो."

"बोट कोणाचं?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझं," वहिनी म्हणाली, आणि मग मात्र हसली.

तासाभरात तिने सहा पुठ्ठे बदलले. तिच्या ध्यानात आलं ते असं: ओठ खाली किती लोंबतो, त्याहून तो पुढे किती आलाय, याचा त्रास मोठा. चढ सुरू होतो तिथे गाडीचं नाक आधी पोचतं, चाकं मागाहून. तेवढ्या अवधीत पुढे आलेला ओठ जमिनीला भिडतो. म्हणून पुढे कमी आलेला, मधे किंचित वर उचललेला, आणि रबरासारखा वाकणारा ओठ हवा. तसा एक तिने डॉक्टरांना फोनवर फोटोत दाखवला. कार्बनची चकाकी त्याला नव्हती. तो मंद काळा होता. डॉक्टरांनी आधी नाक मुरडलं.

"दिसायला जरा साधा आहे."

"फुटलेल्यापेक्षा देखणा आहे," आई गाडीतून म्हणाल्या.

चार दिवसांनी ओठ आला. वहिनीने तो बसवला, टेप लावून, सेंटीमीटरमध्ये. मग डॉक्टर, आई, भरलेली टाकी, मागे आईंची पिशवी, सगळं घेऊन गाडी इमारतीच्या चढावर गेली. वहिनी चढाच्या कडेला गुडघ्यावर बसली, गाल जवळजवळ जमिनीला लावून. गाडी वर आली. आवाज नाही. डॉक्टरांनी हॉर्न वाजवला.

"आता खाली जा," वहिनी म्हणाली.

"कशाला? चढलो की!"

"उतरताही रोजच ना? आणि जोरात ब्रेक लावा. तुम्ही तसाच लावत असणार."

"लावतो," आई म्हणाल्या.

उताराच्या तळाशी डॉक्टरांनी ब्रेक दाबला, गाडीचं नाक खाली झुकलं आणि ओठ फरशीला घासला. डॉक्टर उडी मारून उतरले. वहिनी आधीच तिथे पोचली होती. ओठ मागे वाकला होता. तिने गाडी वीतभर मागे घ्यायला लावली, आणि तो आपला आपण सरळ झाला. खालच्या कडेला पांढरी रेघ उठली होती, बाकी काही नाही.

"घासणार," ती म्हणाली. "दहात एकदा घासणारच, ते मी तुम्हाला आत्ताच सांगते. न घासणारा ओठ हवा असेल तर मोठी गाडी घ्या. हा घासेल, पण फुटणार नाही."

डॉक्टर ओठ वाकवून बघत राहिले, एकदा, दोनदा, तीनदा. "आमच्याकडे असला एकही पेशंट येत नाही," ते म्हणाले.

वहिनी दुकानात परतली तेव्हा भाऊजी काउंटरवर होते. टायरवाला काही काम नसताना आत येऊन उभा होता.

"घासला?" भाऊजींनी विचारलं.

"घासला."

"बघा!" भाऊजींनी टायरवाल्याकडे विजयाने पाहिलं.

"आणि सरळ झाला. डॉक्टरांना फोन करून विचारा."

भाऊजींनी खरंच फोन केला. मधे काही न बोलता त्यांनी पूर्ण मिनिटभर ऐकलं, हे टायरवाला अजून लोकांना सांगतो. मग त्यांनी फोन ठेवला, मानेवरून हात फिरवला, आणि बाहेर पांढऱ्या ठेंगण्या गाडीपाशी ताटकळलेल्या तरुणीकडे बोट दाखवलं.

"त्यांना चकचकीत कडक ओठ हवाय. मी हो म्हणालो नाही अजून. तुम्हीच बघा."

वहिनी हात पुसत बाहेर गेली. तिने गाडीला एक फेरी मारली, नाकापाशी वाकली, आणि मग त्या मुलीला विचारलं, "घरी चढ आहे का गं? आणि गाडीत रोज कोण कोण बसतं?"