रबरी मुठीची खुरपी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम आहे असं मला अजूनही वाटत नाही. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नाही. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडील थोडा ऊस सांभाळून दुधाच्या गाडीवर जातात, आई दुसऱ्यांच्या वावरात खुरपायला जाते. काही सांगायचं असलं तर ते जेवताना सांगायचं, अशी आमच्याकडची रीत. पण ही गोष्ट मला जेवताना सांगता येईना. सांगायला बसलो तर आईला लागेल, आणि तिची यात काही चूक नाही. म्हणून लिहितो आहे. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी आम्ही दोघं बारामती एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात जात होतो. दोघं म्हणजे मी आणि माझा मित्र. त्याचे वडील वालचंदनगरला कंपनीत इंजिनिअर, राहायला क्वार्टर. तो रोज तिकडून मोटारसायकलवर यायचा आणि सणसरच्या फाट्यावर मला मागे बसवायचा. वर्गात माझ्या तोंडून ‘न्हाय’ निघालं की बाकीचे हसायचे, तो कधी हसला नाही. इंग्रजीत बोलायची वेळ आली की आदल्या दिवशी तो माझ्याकडून दहा वेळा म्हणून घ्यायचा. त्याच्या घरी पहिल्यांदा जेवलो तेव्हा खुर्चीवर बसून घास घशाखाली उतरेना. ते त्याच्या लक्षात आलं, आणि काही न बोलता तो स्वतःच ताट घेऊन खाली बसला. हे सगळं खरं आहे. पुढचं वाचताना कुणाला तो पहिल्यापासून वाईट होता असं वाटू नये, म्हणून आधी सांगितलं. मला स्वतःलाही ते नीट जुळवता येत नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. तिथे अवजारांवर आणि गाड्यांच्या भागांवर रबराचं कोटिंग व्हायचं. एका बाजूला पकडी-पान्यांच्या मुठी भट्टीत तापवून पातळ लाल रबरात बुडवायचे, वर काढायचे आणि पुन्हा भट्टीत पक्के करायचे. दुसऱ्या बाजूला जुन्या गाड्या वर उचलून त्यांच्या पोटाला काळं रबर फवारायचे, म्हणजे चिखल आणि खडी उडून पत्रा गंजत नाही. मी आधी गाडीखाली घासायचं आणि टेप लावायचं काम शिकलो, मग बुडवायचं. बुडवण्यात सगळं हाताच्या संथपणावर असतं. घाईत वर काढलं की बुडबुडे धरतात आणि खाली थेंब लोंबतो.

“आरं, भजी तळतोयस का?” मालक मागून ओरडायचे. “हळू काढ. विहिरीतनं घागर काढल्यागत काढ.”

मित्राला ते कधी ओरडले नाहीत. तो फार बुडवायचाच नाही. मोबाईलवर फोटो काढायचा, मालकांशी गप्पा मारायचा.

एका सोमवारी मी आईचं खुरपं पिशवीतून नेलं. लाकडाच्या मुठीने तिच्या तळव्याला कायमचा घट्टा पडला होता आणि त्यावर पुन्हा फोड आला होता. लाकूड भट्टीत घालता येत नाही. म्हणून आपोआप वाळणाऱ्या रबरात मूठ बुडवली आणि सावलीत टांगली. वाळल्यावर मालकांनी ती दाबून पाहिली.

“शेतीच्या हत्याराला असलं कुणी करत न्हाय हितं,” ते म्हणाले. “इंदापूरचा एक व्यापारी हाय माझ्या ओळखीचा. आधी बायांना वापरून बघू दे. चाललं, तर त्याला दाखवू. आणि त्यानं माल उचलला, तर परीक्षा झाली की तू हितंच ये. कोटिंगचं सगळं तुझ्याकडं.”

याचा अर्थ माझ्यासाठी काय होता ते सांगायला हवं. आमच्याकडची शिकलेली पोरं चाकणला जातात. ठेकेदाराकडून लागतात, एका खोलीत सहा जण राहतात, आणि वर्षभरात परत येतात किंवा येतच नाहीत. मला घरून कामावर जायचं होतं. वडिलांच्या गुडघ्यामुळे ऊस आता त्यांच्या एकट्याने होत नव्हता. ही जागा मिळाली तर सगळंच सुटत होतं. परतताना मी गाडीवर मित्राला म्हणालो, “तुलाही हवी असेल जागा, तर आधीच सांग.”

“मला कशाला?” तो हसला. “पप्पा मला पुढं शिकायला पाठवणारेत. ती जागा तुझीच आहे रे.”

मी आणखी खुरपी केली आणि आईच्या टोळीतल्या बायांना दिली. आमच्याकडे खुरप्याची मूठ अधूनमधून पाण्यात टाकून ठेवतात. लाकूड फुगतं आणि आत ठोकलेलं पात्याचं टोक घट्ट धरून ठेवतं. लहानपणी हे काम माझ्याकडेच असायचं. पण मला वाटलं, आता वरून रबराचा घट्ट थर आहे, पातं हलणार कुठून? बांधावर उभा राहून मी बायांना ऐटीत सांगितलं, “आता मूठ भिजत घालायची गरज नाही.”

“बघा गं, पोरानं खुरप्याला बूट घातलं!” एकजण म्हणाली.

“मला एक जोड दे की,” दुसरी म्हणाली. “खुरप्याला बूट, आन् मी अनवाणी!”

सगळ्या हसल्या. आईही हसली, पण पदर तोंडाला लावून. तिला अभिमान वाटला की ती असंच हसते.

मग आमचे पेपर सुरू झाले. त्याच्या आणि माझ्या ऐच्छिक विषयांचा मेळ असा की एक दिवस त्याला सुट्टी होती आणि मला पेपर. मी त्याला म्हणालो, “वावरात एक चक्कर मार, बाया काय म्हणतात विचार.” तो गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“एकदम खूश आहेत,” तो म्हणाला. “काकूंनी चहा पाजला. तू निवांत अभ्यास कर.”

तरी घरी मी आईला विचारलं, “खुरपी कशी आहेत?” ती भाकरी थापत होती. “बरी हायत की,” ती म्हणाली आणि भाकरी उलटायला तव्याकडे वळली. मला ते पुरेसं वाटलं. आईने सांगितलं आणि मित्राने सांगितलं, आणखी कुणाला विचारायचं?

पेपर संपल्यावर मालकांनी इंदापूरच्या व्यापाऱ्याला बोलावलं. मी नवीन खुरपी केली होती. मुद्दाम जुन्या, मुरलेल्या लाकडाच्या मुठी घेतल्या होत्या, कारण त्या टिकाऊ असतात असं मला वाटत होतं. शेडमागे थोडी मोकळी जमीन होती. व्यापारी उकिडवे बसले, गवताच्या बुडाशी खुरपं घातलं, ओढलं. दोन-तीनदा नीट चाललं. मग मूठ त्यांच्या हातात राहिली आणि पातं मातीत.

“च्यायला, दात पडल्यागत पडलं की हे,” व्यापारी म्हणाले.

मालक हसले नाहीत. मी दुसरं दिलं. तेही हलायला लागलं. रबर बाहेरून अगदी सुंदर होतं, एक बुडबुडा नव्हता, आणि आत लाकूड वाळून आकसलं होतं. मला कान तापलेले जाणवत होते.

तेवढ्यात मित्र त्याच्या गाडीकडे गेला आणि तिला अडकवलेल्या पिशवीतून एक खुरपं घेऊन आला. त्याला लाकूड नव्हतंच. लोखंडी नळीची मूठ, पात्याला वेल्डिंग केलेली, आणि वर तेच लाल रबर.

“सहज करून बघितलं होतं,” तो म्हणाला.

व्यापाऱ्यांनी ते ओढलं, आपटलं, दगडावरही मारलं. मग खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि मालकांकडे बघून मान हलवली.

तेव्हा मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. माझी लाज त्याने झाकली, असंच वाटलं. जाताना मी त्याचा हात धरून म्हणालो, “वाचवलंस.” तो म्हणाला, “मनाला लावून घेऊ नको,” आणि हात सोडवून घेतला. इतकंच, की त्या दिवशी तो मला सोडायला थांबला नाही. मालकांशी बोलायचं होतं म्हणाला. मी एसटीने आलो.

आठवड्याभरात मालकांचा निरोप आला. “तुझ्या दोस्तालाच ठेवलाय. ज्याचं चाललं त्याला ठेवायला पायजे, पोरा. तू काय वाईट न्हाईस.” मी मित्राला फोन केला. त्याने दोन दिवसांनी उचलला आणि म्हणाला की हे तात्पुरतं आहे, पप्पांचाच आग्रह होता. नंतर त्याने उचलणं बंद केलं. एकदा फाट्यावर मी एसटीची वाट बघत होतो आणि तो समोरून गेला. हेल्मेट होतं, त्यामुळे त्याने पाहिलं की नाही हे मला खात्रीने सांगता येणार नाही. गाडी मात्र त्या वळणावर दरवेळी हळू व्हायची, त्या दिवशी झाली नाही.

मी घरी एवढंच सांगितलं की काम जमलं नाही. पातं निसटल्याचं सांगायची लाज वाटली. आईने फार विचारलं नाही. मनात मी त्याच्या बाजूने वकिली करत राहिलो. तो हुशार आहे, त्याला सुचलं, मला सुचलं नाही. यात दगा कसला? मित्राला सुचू नये असा काही नियम आहे का? असं म्हणत मी चाकणला आलो. ठेकेदाराकडून लागलो आहे, गाड्यांच्या भागांना रबराच्या चकत्या बसवतो. निकाल अजून लागायचा आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. मागे इंदापूरच्या बाजाराचा गलका ऐकू येत होता.

“आरं, तुमची खुरपी आल्यात बाजारात! लाल मुठीची! दुकानदाराला म्हणलं, ही माझ्या पोरानं काढल्यात. त्यो हसाया लागला. म्हणला, ती वालचंदनगरच्या पोराची. म्हणलं, आरं, दोघं दोस्त हायत ते.”

“आई, ती त्याची आहेत,” मी म्हणालो. “माझी लाकडाची होती. व्यापाऱ्याच्या हातातच पातं निसटलं.”

ती म्हणाली, “लाकडाची कशी? त्यो कांद्यात आला हुता ना, तुझा पेपर हुता त्या दिवशी? तवाच आमी समद्यांनी सांगितलं त्याला. रबरामुळं लाकडाला पानी लागंना, पाती निसटाय लागल्यात. मीच म्हणलं, आत लोखंडाची नळी घाला, वरनं रबर घाला, म्हंजी भिजवायचं बी न्हाय आन् हाताला टोचायचं बी न्हाय. त्यो म्हणला, काकू, झकास. पर तुमी त्याला आत्ता काय बोलू नगा, पेपर हायत, नाराज व्हईल. मी सांगतो त्याला नीट. म्हणून तर तू इचारलंस तवा मी गप ऱ्हायले.”

बाजारात कुणीतरी तिला वाट मागत होतं.

“आरं, बोल की. सांगितलं हुतं न्हवं त्यानं तुला?”