आठ पाकळ्यांची संजा

ती घटना आठवली की आजही मी उठून दाराची कडी बघून येतो. बायको म्हणते, "आता रिटायर झालात, किती तपासाल?" मी ऐकत नाही. शाळा जेमतेम झालेली, तरी शिपायाचा सब इन्स्पेक्टर होऊन बाहेर पडलो, तो हट्टी होतो म्हणूनच.

दिवाळी नुकतीच उरकली होती. आमच्या माळव्यातल्या भैरवगढला राहणारी एक मराठी बाई पोलीस ठाण्यात आली. नवरा वारलेला, घरात ती आणि शाळकरी मुलगी. तिथल्या छापाच्या साड्या, चादरी ती स्वतःच्या वेबसाइटवर विकायची. तिनं फोन माझ्यासमोर धरला. दोन साड्यांच्या मधोमध शाळेच्या फाटकाचा फोटो होता आणि खाली एक ओळ. 'आज निळी रिबीन.'

"हे मी ठेवलेलं नाही," ती म्हणाली. "काल मुलीनं निळी रिबीनच लावली होती."

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तसं सरळ सांगितलं आणि म्हटलं, पहिल्यापासून दाखवा. तिनं दाखवलं. पान तुकड्यातुकड्यांनी लावायचं. फोटोचा एक ब्लॉक, मजकुराचा एक, बटणाचा एक. बोटानं धरायचा, वर न्यायचा, खाली न्यायचा, रंग बदलायचा. ज्या बाईनं आयुष्यभर चादरीवर लाकडी ठप्पे बसवले, तिला हे जमणारच.

"मी तो ब्लॉक काढून टाकते, सकाळी परत येतो. आता तर खालच्या पट्टीत टाकलाय. ती पट्टी एकच असते, सगळ्या पानांना लागते. गिऱ्हाईक कुठलंही पान उघडो, माझ्या मुलीची शाळा दिसते."

"पासवर्ड बदलला?"

"दर वेळी बदलते, साहेब."

अर्ज घेतला, रोजनामच्यात नोंद केली, तिच्या दारावर साध्या कपड्यातला शिपाई उभा केला. मग टावर चौकातला वेबसाइटवाला बोलावला. सुरुवातीचं काम त्याचं होतं. घामानं त्याचा शर्ट चिकटला होता.

"साहब, मेरा तो बस ढाँचा है. बाकी सब दीदी खुद जमाती हैं."

त्यानं आमच्यासमोर जुने बदल उघडून दाखवले. कोणता ब्लॉक कोणाच्या नावानं बसला, ते तिथं राहतं. सगळे बाईच्याच नावानं बसले होते.

टीआय साहेब, म्हणजे आमच्या ठाण्याचे प्रमुख, हसले. "दादा, बाई खुद कर रही है. दुकान चलाने का तरीका है. फाइल बंद करो."

"नहीं करूँगा, साहब."

"अरे, आप मशीन से ज्यादा जानते हो?"

"मशीन ने उसके हाथ नहीं देखे. मैंने देखे हैं." तिचे हात कापत होते. सोंग घेणारा माणूस आवाज कापवतो, हात विसरतो.

मग पुढचा फोटो आला. बाईनं फोन टेबलावर उलटा ठेवला, सरळ करायची तिची हिंमत होईना. मी सरळ केला. मुलगी पाठमोरी बसलेली, समोर भिंत.

"हे आमचं आतलं अंगण आहे," ती म्हणाली. "मुलीला खोलीत कुलूप लावून आलेय."

शिपाई दारातून हलला नव्हता. कोणी आत गेलं नव्हतं, कोणी बाहेर आलं नव्हतं. मग हा माणूस होता कुठे?

मी तो फोटो बघत बसलो. मुलीच्या पुढ्यात भिंतीवर शेणाची संजा होती, वर गुलबाक्षीची फुलं चिकटवलेली. पितृपक्षात आमच्या माळव्यात मुली रोज संजा मांडतात. कालची खरवडायची, आजची लावायची, आकृती रोज वेगळी. लहानपणी बहिणींना शेण मीच आणून द्यायचो. ही होती आठ पाकळ्यांची. ती अष्टमीची.

म्हणजे फोटो आजचा नव्हताच. दिवाळीच्याही आधीचा होता.

"अष्टमीला घरी कोण आलं होतं?"

तिचा चेहरा उतरला. "त्या दिवशी ह्यांचं श्राद्ध असतं. बाहेरचं कोणी नाही. गुरुजी जेवले, आणि भावजी."

भावजी म्हणजे तिचा दीर, देवास गेटजवळ राहणारा. ठाण्यात बोलावला, तर तो रुबाबात आला. "वहिनीसाठी मीच तर धावपळ करतो, साहेब." मी चहा मागवला. त्यानं गरम चहा एका घोटात संपवला.

"अष्टमीचं जेवण कसं होतं?"

"बढिया. खीर होती."

"पंगतीला कोण?"

"मी आणि गुरुजी, बस."

"गुरुजींकडे जुना बटणांचा फोन आहे. फोटो निघत नाही त्यात. मी बघून आलो."

तो हसला. मग मी फोटो पुढे सरकवला, भिंतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही संजा कोणत्या दिवसाची?" भिंतीकडे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. आता बघितलं, आणि हसणं गेलं.

पंचांसमोर फोन जप्त केला. त्यात मुलगी फाटकाशी होती, नळाशी होती. एका फोटोत झोपलेली होती. त्याबद्दल मी बाईला कधीच सांगितलं नाही.

"फक्त घाबरवायचं होतं," तो म्हणाला. "घाबरून घर सोडलं असतं. घर माझ्या दादाचं, तिचं कुठून झालं?"

"पासवर्ड कसा मिळायचा?"

त्याला प्रश्नाचंच नवल वाटलं. "वहिनीच देते. बदलला की लगेच फोन करते, 'भावजी, लक्षात ठेवा, मी विसरते.'"

मी हे तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. ओटीत हात घेऊन बसून राहिली. "भिऊन बदलायची," ती म्हणाली, "आणि ज्याला भ्यायचं, त्यालाच सांगायची."

तेव्हापासून कुठल्याही घरात गेलो की मी आधी बघतो, इथं असा कोण आहे, ज्याला दार वाजवावं लागत नाही. त्या घराची कडी तर रोज लागलेली होती.

पुढच्या वर्षी अष्टमीला बाईनं मला जेवायला बोलावलं. वेबसाइट चालू होती, नव्या चादरी लागल्या होत्या. अंगणातली भिंत मात्र कोरी होती.

"यंदा संजा नाही का गं?" मी मुलीला विचारलं.

"आहे. आतल्या खोलीत." ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली आणि ओसरीवरच्या फळीकडे बोट केलं. "आजोबा, फोन तिथं ठेवा, मग या."

मी फोन फळीवर ठेवला. खिसेही उलटे करून दाखवले. मग ती बाजूला झाली.